सही कुणाची

पहाटे ५.३०
डहाणू तालुक्यात गंजाडच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की उजव्या हाताला हा पाडा लागतो. घरं थोडी. जानेवारीची थंडी आहे. वारली चित्रं काढणाऱ्या ताई उठल्यात, चूल पेटलीय. चहात दूध नाही, साखर भरपूर. चहा होईस्तोवर त्या एका डब्यात गेरू भिजवतात, दुसऱ्यात डिंक.

ओटीवर दोन बांबूंच्या मध्ये कापड ताणलंय. मांजरपाट, पाच फूट बाय तीन फूट. त्याला आधी शेणाचा पातळ हात दिलाय, तो वाळल्यावर गेरूचा. मधोमध तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. शेत, खळं, ताडावर चढलेला माणूस, मुंग्यांची रांग. वरच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा अजून कोरी आहे. आज दुपारी गाडी येणार आणि कापड जाणार.

६.४५
बल्ब आहे, पण त्याच्या उजेडात ताई काढत नाहीत. हाताची सावली रेघेवर पडते. उन्हाची वाट बघत त्या भांडी घासतात, कोंबड्या सोडतात, तांदूळ निवडतात. त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास. चष्मा दोन वर्षांपूर्वी लागला. डहाणूला केला, आठशे रुपयांना. तो फक्त चित्र काढताना लावायचा. घरकामाला नाही, नाहीतर काच घासली जाते.

७.१०
ऊन ओटीवर आलं. ताई मांडी घालून बसतात. शेजारी नारळाच्या करवंटीत पांढरा रंग. लग्नाच्या चौकाला, म्हणजे लग्नघरातल्या भिंतीवरच्या चित्राला, तांदळाचं पीठच लागतं. विकायच्या कापडाला बाटलीतला ॲक्रिलिक, कारण पीठ पोपडे धरतं आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. बाटली २२० रुपयांची. एवढ्या कापडाला अर्धी लागते.

हातात बांबूची काडी आहे, टोक दाताने चावून मऊ केलेलं. बारीक कामाला दुकानातला शून्य नंबरचा ब्रशही आहे. पण लांब रेघ काडीनेच. पेन्सिल नाही, आखणी नाही. वरचा त्रिकोण, खालचा त्रिकोण, टोकाला टोक. मग डोकं, मग हात, मग पाय. कंबर एका ठिपक्यावर तोललेली असते. तो ठिपका जाड झाला की माणूस नाचत नाही, नुसता उभा राहतो. हे ताईंनी सांगितलं आणि मग मला सगळ्या कापडावर तेच दिसत राहिलं.

कोपऱ्यात आता एक झाड उगवतंय. मुळापासून वर. पानं एकेक. वीतभर जागेला दीड तास जाणार.

९.००
रस्त्यावर पिकअप थांबते. शेजारच्या बाया चिकूच्या वाडीवर निघाल्यात. दिवसाला साडेतीनशे रुपये. जाळी लावलेल्या लांब काठीने फळ खुडायचं, खोक्यात भरायचं. डहाणू घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वारली चित्राला त्याआधी, २०१४ साली.

पिकअपमधून एकजण ओरडते, "चल की!" ताई मान न उचलता हसतात.

त्यांची जाऊ मात्र येते. ती अर्धा दिवस ताईंकडे बसते. मोठ्या कापडाचं काम असं वाटलेलं असतं. माणसं आणि झाडं ताई काढतात. कुंपणं, शेताची जाळी, छपराच्या काड्या, असलं भरायचं काम जावेचं. तिला अर्ध्या दिवसाचे २५० रुपये. या कापडावर ती चार वेळा बसली. आज ती छोट्या कागदांच्या चौकटी करणार आहे. एका दुकानाचे चाळीस कागद द्यायचेत, वहीच्या पानाएवढे. कागद दुकानाचा, हात यांचा. कागदामागे साठ रुपये.

"या कागदांवर सही करता?" मी विचारतो.

"नाही. दुकानाने सांगितलंय, सही नको. ते मागे आपलं लेबल लावतात."

लेबल ताईंच्या मुलाने एकदा फोनवर पाहिलं होतं. त्यावर दुकानाचं नाव, खाली ‘पारंपरिक वारली कला’. काढणाऱ्याच्या नावाला जागाच ठेवलेली नव्हती.

१०.४५
फोन. मुंबईहून. एका प्रदर्शनासाठी कलाकारांची यादी करताहेत. ताई फोन मुलाकडे देतात. तो बारावी झालाय आणि ही बोलणी तोच करतो. त्यांना हवंय असं : फोटो, आधार, हस्तकला विभागाचं ओळखपत्र, माहितीपत्रक, मिळालेले पुरस्कार, याआधीची प्रदर्शनं.

पुरस्कार नाहीत. प्रदर्शनं सात. ती सातही ताईंच्या नवऱ्याच्या नावावर आहेत, कारण तेव्हा ओळखपत्र त्याच्या नावाचं होतं. स्टॉल त्याला मिळाला, बिल्ला त्याच्या गळ्यात, पेपरात एकदा फोटो आला तोही त्याचा. ताईंचं स्वतःचं कार्ड चार वर्षांपूर्वी झालं.

याचा राग येतो का, असं मी विचारतो. ताई काडी करवंटीत बुडवून ठेवतात, तेव्हा कळतं की उत्तर येणार आहे.

"पोराचा बाप गठ्ठा उचलून दिल्लीपर्यंत गेलाय. जनरलच्या डब्यातून. तिथे दहा दहा दिवस उभा राहायचा, हिंदीत बोलायचा. मला ते जमलं नसतं. पण माणसं विचारायची, हे कसं काढलं? आणि तो सांगायचा. ते मला सांगता आलं असतं."

पुन्हा काडी हातात.

इथे थोडं मागे जावं लागतं. लग्नाचा चौक मुळात बायकांचा. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक सवाशिणी लिहितात. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न होत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुळकर्णी या भागात आले. जेजेत शिकलेले चित्रकार, पुपुल जयकर यांच्या हस्तकलेच्या कामाशी जोडलेले. त्यांनी कागद आणि रंग दिले. भिंतीवर हात चालवणाऱ्या बायका कागदापुढे लाजल्या, असं सगळे सांगतात. पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पोम्पिदू सेंटरच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. जगभरच्या शंभराहून जास्त कलाकारांच्या यादीत त्यांचं नाव छापलं गेलं. २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रातल्या मासेमारीच्या जाळ्यापुढे उभं राहिलं की हे सगळं त्यांच्याच हाताने मिळवलेलं आहे, याबद्दल शंका उरत नाही.

पण हेच भास्कर कुळकर्णी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेत कागद घेऊन गेले होते. तिथेही भिंत बायकांचीच. तिथल्या बायकांनी कागद घेतला आणि नावंही त्यांचीच झाली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. सीता देवी, गंगा देवी सगळ्या देशाला ठाऊक झाल्या. पॅरिसच्या त्या प्रदर्शनात बउआ देवी होत्या. आपल्याकडे भिंत बायकांची राहिली आणि कागद बहुतेक पुरुषांचा झाला. यात कुणी कट केला नाही. बाहेर जायचं, बोलायचं, कागदपत्र करायचं काम ज्याच्याकडे गेलं, नाव त्याच्याकडे गेलं.

मुलगा माहितीपत्रक लिहायला घेतो. ‘शिक्षण’ या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळत नाही. ताई म्हणतात, "लिही, चौथी." तो थांबतो. म्हणतो, "ते चित्राचं शिक्षण विचारताहेत." मग लिहितो, आजीकडे.

१२.३०
जेवण. भात, सुकटीचं कालवण, मिरची. जेवणानंतर ताई पाठ टेकतात. मानेखाली दुमडलेली गोधडी. दिवसभर वाकून बसल्याने मान धरते. डॉक्टरांनी टेबलावर काढा म्हणून सांगितलंय. टेबलावर पाच फुटांचं कापड मावत नाही.

१.१५
आजी म्हणजे ताईंच्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. पाड्यात कुणाचं लग्न निघालं की चौकाला यांना बोलवायचे. मजुरी नाही. जेवण, ताडी आणि मान.

मुलगा पेटीतून कागदांचा गठ्ठा काढतो. पाच-सहा वर्षांत जमलेले, राहून गेलेले, कुणी शिकताना काढलेले. एकावरही सही नाही. तो आजीच्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, सांग.

आजी कागद खिडकीकडे धरते.

"ही तुझ्या आईची. तिचं झाड वाकतं."

दुसरा कागद. "ही काकीची. माणसांचे पाय आखूड."

तिसऱ्याला वेळ लागतो. कागद फिरवून उलटा धरते, पुन्हा सरळ. "खालच्या पाड्यातल्या पोरीची. लग्न होऊन तलासरीला गेली ती. तिची माणसं धावत असतात."

चौथा. "हा तू. अजून कंबर जमत नाही तुला."

मुलगा हसतो. चौदा-पंधरा कागद होतात. मुलाला जेवढे ठाऊक आहेत तेवढे सगळे आजीने बरोबर सांगितले. एक कागद ती बाजूला ठेवते. "हा कुणाचाच नाही. पट्टीने ओढलाय." तो एका दुकानातून आणलेला छापील नमुना होता. मुलाने मुद्दाम घातला होता.

मला या तासाचं फार मोल वाटतं. मोठ्या लिलावगृहात हेच काम तज्ज्ञ करतात. हे चित्र त्याच हातचं का, एवढंच त्यांना विचारलेलं असतं, आणि त्यांच्या होकाराने किंमत ठरते. इथे विचारायला कुणी येत नाही. भिंतीवर सही नव्हती हे खरं. पण चौक कुणाचा हे कुणाला माहीत नव्हतं, असं कधीच नव्हतं. ‘अमक्याच्या सुनेचा चौक’ असं लग्नात बोललं जायचं. भिंत सारवली की चौक जायचा, नाव बायकांच्या तोंडी राहायचं. आजीचं नाव आजूबाजूच्या पाड्यांत आजही घेतात. फक्त कुठल्या कागदावर ते आलेलं नाही.

२.४०
गाडी आली. मुंबईच्या एका सजावटकाराचा माणूस. कापड एका हॉटेलात लागायचंय. मधल्या दलालाने ही ऑर्डर आणली. त्याचे वीस टक्के.

माणूस तरुण आहे, बोलायला बरा. कापडासमोर उकिडवा बसतो, फोटो काढून पाठवतो. पलीकडून निरोप येतो : वरचं झाड फार दाट झालंय, थोडं मोकळं करता येईल का?

ताई म्हणतात, "पांढरं पुसता येत नाही."

पुन्हा फोन. मग ठीक आहे म्हणतात.

मग तो विचारतो, सही कुठे आहे? हॉटेलला सही लागते. शेजारी एक पाटी लावणार, त्यावर कलाकाराचं नाव आणि दोन ओळी. एक प्रमाणपत्रही हवंय, की हे हाताने काढलेलं अस्सल वारली आहे. मसुदा त्याच्याकडे छापलेला आहे. ‘कलाकाराचे नाव’ यापुढे दलालाने आधीच भरून ठेवलंय. नाव ताईंच्या नवऱ्याचं.

ओटीवर कुणी काही बोलत नाही. मग नवराच बोलतो. तो सकाळपासून परसात बांबू तासत होता. "हे हिने काढलंय. नाव हिचं घाला."

माणूस म्हणतो, "पण नाव दादांचं चालतं ना. नेटवर शोधलं तर प्रदर्शनं दिसतात."

अडचण ही आहे. सात प्रदर्शनं त्या नावाला चिकटलेली आहेत. ताईंच्या नावाने शोधलं तर काही सापडत नाही. नव्या नावाने सुरुवात म्हणजे शून्यापासून, आणि किंमतही तशीच. दलालाने ते हिशेबाने केलं असणार.

"मग पुढच्या वेळी हिचं दिसेल," नवरा म्हणतो. माणूस मान हलवतो, पेनने खाडाखोड करायला जातो. मुलगा त्याला थांबवतो. खोडलेलं प्रमाणपत्र कोण मानेल? नवीन छापून पाठवा, आई सही करेल. तोवर कापडावर तर होऊ दे.

३.२०
आता सही. उजव्या बाजूला खाली बोटभर जागा मोकळी करायला गेरूचा हात लावावा लागतो. तो वाळेपर्यंत थांबायचं.

नाव कसं लिहायचं? कार्डावर आहे तसं, तर मध्ये नवऱ्याचं नाव येतं आणि सही लांबते. माणूस सुचवतो, इंग्रजीत करा, पाहुणे परदेशी असतात. ताई म्हणतात, मला ती अक्षरं येत नाहीत. मुलगा म्हणतो, मी काढून देतो, तू गिरव. ताई नको म्हणतात.

काडीने रेघ मारायला त्यांना भीती वाटत नाही. अक्षराला वाटते. श्वास धरून त्या पहिलं अक्षर काढतात, मग मात्रा, मग आडनाव. मधलं नाव गाळतात. गाळल्यावर नवऱ्याकडे बघतात. तो म्हणतो, "बरं दिसतंय." सहीला सहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात त्यांनी दोन माणसं काढली असती.

नावावरून आठवलं. मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या जनगढसिंह श्याम यांच्या चित्रपद्धतीला लोक ‘जनगढ कलम’ म्हणतात. गोंडांची ती सगळी वाट एका माणसाच्या नावाने ओळखली जाते. वारलीत पद्धतीला जमातीचं नाव मिळालं. दोन्हींचे फायदे आहेत. पण जमातीच्या नावाखाली एकट्या बाईचं नाव वर यायला जास्त काळ जातो, हे मी या ओटीवर बसून पाहिलं.

माणूस पैसे देतो. ठरले होते सहा हजार. त्यातले बाराशे दलालाचे. दोन हजार आगाऊ आले होते. राहिले अठ्ठावीसशे. रोख. ताई मोजतात, मग नवरा मोजतो.

४.१५
कापड गुंडाळायचं, दुमडायचं नाही. दुमडलं की घडीवर गेरू तडकतो. आत वर्तमानपत्र, बाहेर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. गाडी जाते. ओटी एकदम मोठी वाटायला लागते. ताई लगेच छोटे कागद पुढे ओढतात.

५.३०
मुलगा शेजारी बसून स्वतःचं काढतोय. त्याच्या चित्रात डहाणूची लोकल आहे, डब्यात दाटीने माणसं, एकाच्या डोक्यावर पाटी. तो फोनवर टाकतो. मागे त्याचं एक चित्र कुणीतरी उचललं आणि टी-शर्टवर छापलं. त्याला ते मित्राच्या अंगावर दिसलं.

"भौगोलिक मानांकनाचा टॅग आहे ना वारलीला?" मी विचारतो.

"आहे. वारली हे नाव कुणी लावायचं, त्यासाठी आहे. त्यातसुद्धा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी लागते. आमची झालेली नाही अजून. आणि चित्र कुणाचं, ते टॅग सांगत नाही."

आता तो प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नाव आणि पाडा लिहितो. अगदी बारीक, मुंगीच्या रांगेत. कापून काढलं तर रांग तुटते.

७.००
उजेड गेला. काड्या धुऊन कुडात खोचल्या. करवंटीत उरलेल्या रंगावर पाणी घालून झाकण. छोटे कागद आज सहा झाले, म्हणजे ३६० रुपये, दुकानाकडून महिन्याअखेर.

मुलगा वही काढतो. हातात आले ४,८००. मांजरपाट १५०, गेरू आणि डिंक ६०, अर्धी बाटली रंग ११०, काकीचे चार वेळचे १,०००. उरले ३,४८०. दिवस नऊ. भागाकार तो फोनवर करतो. दिवसाला ३८६ रुपये, वर काही पैसे.

"चिकूपेक्षा छत्तीस जास्त," ताई म्हणतात.

८.३०
जेवणं झाली. मुंबईच्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक पुन्हा निघतं. मुलगा वाचून दाखवतो. ‘कलाकार’ या रकान्यात ताईंचं नाव आहे. ‘सहकारी’ असा एक रकाना त्याने स्वतःच वाढवलाय, त्यात काकी आणि वडील. ‘शिक्षण’ यापुढे आजीचं पूर्ण नाव, गावासकट. आजी विचारते, माझं कशाला? कुणी उत्तर देत नाही. मुलगा पाठवायचं बटण दाबतो. रेंज नाही. तो फोन घेऊन रस्त्यापर्यंत चालत जातो. पत्रक जातं.

तुम्ही वारली चित्र घेणार असाल, दहा रुपयांचं कार्ड असो की भिंतभर कापड, तर काढणाऱ्याचं नाव विचारा. गठ्ठा घेऊन आलेल्याचं नाव विचारून थांबू नका. काडी कुणाच्या हातात होती ते विचारा. चित्राच्या मागे ते नाव पाड्यासकट लिहून घ्या, आणि पावतीवरही.